शिकणारा शिक्षक : जॉन ड्यूई

प्रास्ताविक

विद्यापीठातील प्राध्यापक दोन कामे करतात. ते शिकवतात आणि संशोधन करतात. कोणी ताऱ्यांचे संशोधन करतो, कोणी खडकांचे, कोणी जुन्या ग्रंथांचे. परंतु आपण वर्गात जे शिकवतो त्याचे विद्यार्थ्याच्या मनात पुढे काय होते, हा प्रश्न संशोधनाचा विषय करावा, असे फार थोड्या प्राध्यापकांना वाटले. अमेरिकेतील तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे त्यांपैकी एक होत. त्यांनी शिक्षणाविषयी आपली काही मते बनवली आणि ती खरी आहेत की खोटी हे पाहण्यासाठी विद्यापीठाच्या वतीने लहान मुलांची शाळा उघडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे गुरू म्हणूनही ड्यूई यांचे नाव भारतात आदराने घेतले जाते. या पाठात त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. त्यांच्या जन्माच्या वर्षीच, जानेवारी महिन्यात, ड्यूई कुटुंबातील एक लहान मुलगा भाजून दगावला होता. त्याचेही नाव जॉन होते. तेच नाव नव्या बाळाला देण्यात आले. वडील आर्चिबाल्ड यांचे किराणा मालाचे दुकान होते. आई ल्युसिना धर्मनिष्ठ होती आणि मुलांनी भरपूर शिकावे अशी तिची इच्छा होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा वडील दुकान सोडून सैन्याच्या रसद विभागात दाखल झाले. वडिलांपासून ताटातूट सहन न झाल्याने आईने मुलांना घेऊन काही काळ त्यांच्या छावणीजवळ मुक्काम केला. युद्धाने उद्ध्वस्त झालेला प्रदेश जॉन यांनी अशा कोवळ्या वयात पाहिला.

बर्लिंग्टनच्या शाळेत जॉन यांचे मन फारसे रमले नाही. तेथे पाठांतरावर भर होता. शाळेबाहेर मात्र शिकण्यासारखे पुष्कळ होते. आजूबाजूच्या शेतांवर व घराघरांत चालणारी कामे, लाकूड कापण्याच्या गिरण्या, सरोवराच्या काठचे रान या सर्वांतून त्यांना जगाची ओळख होत गेली. शाळेत मिळणारे ज्ञान आणि जगण्यातून मिळणारे ज्ञान यांत एवढे अंतर का असावे, या विचाराचे बीज बहुधा याच काळात रुजले असावे.

वयाच्या विसाव्या वर्षी, १८७९ मध्ये, ते व्हरमाँट विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे काय करावे हे ठरत नव्हते. अशा वेळी पेनसिल्व्हेनिया राज्यातील ऑइल सिटी या तेलविहिरींच्या गावातील शाळेत त्यांना नोकरी मिळाली. वेतन दरमहा ४० डॉलर होते. तेथे दोन वर्षे त्यांनी लॅटिन, बीजगणित आणि विज्ञान हे विषय शिकवले. त्यानंतर व्हरमाँटमधील शार्लट या खेड्यातील शाळेत त्यांनी एक हिवाळा काढला. तेथील रहिवाशांनी पुढे सांगितलेल्या आठवणी गमतीदार आहेत. या तरुण शिक्षकाच्या वर्गात मुले मनसोक्त दंगा करीत, हे त्यांच्या स्मरणात राहिले होते. पुढे जगभरचे शिक्षक ज्यांचे ग्रंथ अभ्यासणार होते, त्या ड्यूई यांना आरंभी वर्ग ताब्यात ठेवणेही जमले नव्हते!

शिकवता शिकवता त्यांचे तत्त्वज्ञानाचे वाचन चालूच होते. त्यांचा एक लेख तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकाच्या संपादकांनी स्वीकारला आणि त्यांना धीर आला. आत्याकडून ५०० डॉलर उसने घेऊन १८८२ मध्ये ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दाखल झाले. हे विद्यापीठ त्या काळी नवीन होते. प्राध्यापकांनी ठरावीक पुस्तक वाचून दाखवायचे आणि विद्यार्थ्यांनी ते उतरवून घ्यायचे, ही रूढ पद्धत तेथे नव्हती. विद्यार्थ्याने स्वतः शोध घ्यावा, अशी तेथे अपेक्षा असे. जी. स्टॅन्ली हॉल हे प्राध्यापक तेथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा चालवीत. मनासारख्या अदृश्य गोष्टीचाही प्रयोगाने अभ्यास करता येतो, हे ड्यूई यांनी तेथे पाहिले. १८८४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

प्रश्न उभा राहिला

त्याच वर्षी ड्यूई मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले. तेथे त्यांच्या वर्गात ॲलिस चिपमन नावाची विद्यार्थिनी होती. ती स्वतंत्र बुद्धीची होती. समाजातील अन्यायाविषयी तिला मनापासून चीड होती. १८८६ मध्ये दोघांचा विवाह झाला. तत्त्वज्ञान ग्रंथांतून बाहेर काढून लोकांच्या प्रत्यक्ष प्रश्नांकडे वळवण्याची प्रेरणा ड्यूई यांना मुख्यतः ॲलिस यांच्यामुळे मिळाली.

मिशिगन राज्यात एक चांगली प्रथा होती. विद्यापीठाचे प्राध्यापक माध्यमिक शाळांना भेटी देत. जेथील अध्यापन समाधानकारक असेल, त्या शाळांच्या विद्यार्थ्यांना वेगळी परीक्षा न घेता विद्यापीठात प्रवेश मिळे. या कामासाठी ड्यूई यांनी अनेक शाळा पाहिल्या. घरी त्यांची स्वतःची मुले वाढत होती. मूल बोलायला कसे लागते याची निरीक्षणे त्यांनी बारकाईने टिपली आणि १८९४ मध्ये त्या विषयावर शोधलेखही लिहिला. घरातले मूल दिवसभर प्रश्न विचारते, वस्तू उघडून पाहते, पडते, पुन्हा उठून प्रयत्न करते. शाळेच्या बाकावर बसलेले मूल मात्र गप्प असते. शिकण्याची एवढी ओढ घेऊन आलेल्या मुलाची ती ओढ शाळेत गेल्यावर का आटते, हा प्रश्न ड्यूई यांच्या मनात घर करून बसला.

विद्यापीठातील प्रयोगशाळा-शाळा

१८९४ मध्ये ड्यूई यांना शिकागो विद्यापीठाचे आमंत्रण आले. तेथे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे तीनही विषय एकाच विभागात होते आणि त्याचे प्रमुखपद ड्यूई यांच्याकडे आले. त्या उन्हाळ्यात शिकागो शहर रेल्वे कामगारांच्या मोठ्या संपामुळे ढवळून निघाले होते. कारखाने वाढत होते. देशोदेशीची गरीब कुटुंबे शहरात येत होती. या कुटुंबांसाठी जेन ॲडम्स यांनी हल हाउस नावाचे केंद्र चालवले होते. ड्यूई तेथे वारंवार जात. तेथील विश्वस्तांमध्येही ते होते. केवळ विद्यापीठात बसून ज्या गोष्टी कळल्या नसत्या, त्या त्यांना तेथे कळल्या.

पदार्थविज्ञानाच्या विभागाला प्रयोगशाळा लागते, रसायनशास्त्राच्या विभागाला लागते. मग शिक्षणशास्त्राच्या विभागाला ती नको काय? ड्यूई यांनी विद्यापीठाकडे प्रयोगशाळेची मागणी केली. ही प्रयोगशाळा म्हणजे मुलांची शाळा होती. विद्यापीठाने १,००० डॉलरची मदत मंजूर केली, तीही रोख रकमेत नव्हती. शाळेत काम करणाऱ्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या शुल्कमाफीच्या रूपाने ती मिळायची होती. बाकीचा पैसा पालक व मित्रमंडळी यांच्याकडून उभा करावा लागला. जानेवारी १८९६ मध्ये १६ मुले आणि २ शिक्षक यांच्यासह शाळा सुरू झाली.

शाळेसाठी सामान घ्यायला ड्यूई शहरातील दुकाने हिंडले, तेव्हाचा एक प्रसंग त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. मुलांना हातांनी काम करता येईल अशी मेजे व खुर्च्या त्यांना हव्या होत्या. कोठेही मनासारखे काही मिळेना. शेवटी एका दुकानदाराला त्यांची अडचण उमगली. तुम्हाला मुलांनी काम करावे असे सामान हवे आहे आणि आमच्याकडचे सारे सामान मुलांनी ऐकत बसावे यासाठी केलेले आहे, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले. साऱ्या शिक्षणपद्धतीचे मर्म त्या दुकानदाराने सहजपणे सांगितले होते. ड्यूई यांना ते इतके पटले की, पालकांपुढे भाषण करताना त्यांनी हा प्रसंग आवर्जून सांगितला.

कापूस, लोकर आणि अंडी

या शाळेत स्वयंपाक, सुतारकाम, शिवण, विणकाम अशी कामे अभ्यासक्रमाच्या मध्यभागी होती. मुलांनी पुढे सुतार किंवा शिंपी व्हावे हा त्यामागील हेतू नव्हता. या कामांतून गणित, विज्ञान, इतिहास आणि भूगोल यांकडे जाण्याच्या वाटा निघतात, असे ड्यूई यांचे मत होते. ते दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

एकदा मुलांना कच्ची लोकर आणि बोंडातला कापूस देण्यात आला. माणसाने लोकरीचे कापड आधी वापरले आणि सुती कापड मागाहून, असे का झाले असावे, हा प्रश्न होता. मुलांचा एक गट कापसातील सरकी हाताने वेगळी करू लागला. अर्धा तास खपून त्यांच्या हाती एक औंससुद्धा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमही, कापूस आला नाही. मग त्यांनी दोन्ही तंतू ताणून, मोजून पाहिले. कापसाचा तंतू आखूड व गुळगुळीत होता. लोकरीचा तंतू लांब व खरखरीत असल्याने एकमेकांत सहज गुंतत होता आणि त्याचे सूत लवकर निघत होते. प्रश्नाचे उत्तर मुलांच्या बोटांनाच सापडले. सरकी काढण्याच्या यंत्राचा शोध लागल्यावर जगात केवढी उलथापालथ झाली असेल, हे त्यांना आता सांगावे लागले नाही. पुढे पिंजण्याची फळी, चाती, माग अशा साधनांचा इतिहास त्यांनी काम करता करता शिकून घेतला.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातील आहे. अंडी कशी उकडायची हे शिकण्याआधी मुलांनी पाणी निरनिराळ्या तापमानांना तापवून त्यात अंड्याच्या पांढऱ्या भागाचे काय होते ते पाहिले. एवढा खटाटोप कशाला, पाककृती वाचून तसे करावे, असे एका मुलाला वाटले. त्या मुलाची शंका अगदी स्वाभाविक होती. पण नुसती कृती पाठ केली तर एकच पदार्थ येतो. उष्णतेने अंड्यावर काय परिणाम होतो हे कळले, तर नवीन पदार्थापुढेही माणूस अडून बसत नाही. हा फरक मुलांनी स्वतः अनुभवावा, अशी शिक्षकांची इच्छा होती.

स्वतःच्या कामाची पारख

वरील उदाहरणांसारख्या गोष्टी इतर काही शाळांतही थोड्याफार प्रमाणात होत असतील. ड्यूई यांच्या शाळेचे वेगळेपण आणखी एका गोष्टीत होते. तेथे मुलांबरोबर शिक्षकांचाही अभ्यास चालत असे. शिक्षक आपल्या वर्गात काय घडले याचा वृत्तांत लिहून देत. कोणता पाठ रंगला, कोणता फसला, मुलांनी काय विचारले, कोठे त्यांचे लक्ष उडाले, हे त्यात असे. दर आठवड्याला शिक्षकांची बैठक भरे. त्या बैठकीत या नोंदींवर चर्चा होऊन पुढील कामाची आखणी बदलली जाई. विद्यापीठातील निरनिराळ्या विज्ञानशाखांचे प्राध्यापक शाळेला सल्ला देत. शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी वर्गात बसून निरीक्षण करीत. ड्यूई दुपारी व्याख्यानात जे मांडत, त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या वर्गात होऊ शकत असे.

या परीक्षेत ड्यूई यांची स्वतःची काही मते टिकली नाहीत. आरंभी त्यांना वाटत होते की, लहान-मोठ्या वयाची मुले घरातल्याप्रमाणे एकत्र ठेवावीत. शाळा वाढली तसे हे जमेना. तेव्हा सारख्या कुवतीच्या व अनुभवाच्या मुलांचे गट करण्यात आले. एकाच शिक्षकाने मुलांना सर्व विषय शिकवावेत, हेही त्यांचे सुरुवातीचे मत होते. अनुभव आला की, कोणताही एक शिक्षक सर्व विषयांत सारखा मुरलेला नसतो आणि त्यामुळे मुलांच्या खोलवरच्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. म्हणून इतिहास, विज्ञान, पाककला अशा विषयांसाठी त्या त्या विषयाचे जाणकार शिक्षक नेमले गेले. हे दोन्ही बदल ड्यूई यांनी लपवून ठेवले नाहीत. आपली आधीची कल्पना चुकली होती, असे त्यांनी शाळेच्या वृत्तांतात नमूद केले. प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर शास्त्रज्ञाला त्याची लाज वाटत नाही. त्यातून त्याला पुढचा मार्ग दिसतो. शिक्षकानेही आपल्या वर्गाकडे याच वृत्तीने पाहावे, अशी ड्यूई यांची अपेक्षा होती आणि ती त्यांनी आधी स्वतःला लागू केली.

या कामात एला फ्लॅग यंग यांची मोठी मदत झाली. त्या शिकागोच्या शाळांतील अनुभवी अधिकारी होत्या आणि ड्यूई यांच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून येत. ड्यूई यांच्या कल्पना प्रत्यक्ष शाळेत कशा उतरतील, हे त्यांनीच ड्यूई यांना अनेकदा दाखवून दिले. विद्यार्थिनीकडून शिकण्यात ड्यूई यांना कमीपणा वाटला नाही. पुढे १९०९ मध्ये एला यंग शिकागो शहरातील सर्व शाळांच्या प्रमुख झाल्या.

१८९९ मध्ये ड्यूई यांनी पालकांपुढे काही व्याख्याने दिली. ती त्याच वर्षी ‘द स्कूल अँड सोसायटी’ या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली आणि शाळेचे नाव दूरवर पोहोचले. १६ मुलांची शाळा काही वर्षांतच सुमारे १४० मुले आणि २३ शिक्षक यांची झाली.

शाळेचा निरोप

यशाच्या या काळातच संकटाची चाहूल लागली. १९०१ मध्ये विद्यापीठात दुसरी एक शिक्षणसंस्था विलीन झाली आणि तिच्याबरोबर आणखी एक प्राथमिक शाळाही आली. १९०३ मध्ये दोन्ही शाळा एकत्र करण्यात आल्या. ॲलिस ड्यूई या एकत्र शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना आपल्या नोकऱ्यांची चिंता वाटू लागली. शाळा-प्रमुखाच्या पत्नीने मुख्याध्यापिका असावे, हेही काहींना पटत नव्हते. ॲलिस यांची नेमणूक फक्त एका वर्षासाठी आहे, अशी विद्यापीठाच्या अध्यक्षांची समजूत होती. ड्यूई दांपत्याला तशी कल्पनाच नव्हती. गैरसमज विकोपाला गेला. १९०४ च्या वसंतात दोघांनीही राजीनामे दिले. त्या वेळी ड्यूई यांच्या हाती दुसरी नोकरी नव्हती.

सात-आठ वर्षे जिवापाड जपलेली शाळा अशी एकाएकी सुटली. घरावरही दुःखाचे आघात झाले. त्यांचा लहानगा मुलगा मॉरिस १८९५ मध्ये इटलीच्या प्रवासात घटसर्पाने गेला होता. राजीनाम्यानंतर कुटुंब पुन्हा युरोपला गेले असता, आठ वर्षांचा गॉर्डन विषमज्वराने आयर्लंडमध्ये मृत्यू पावला. ॲलिस या दुःखातून पूर्णपणे कधीच सावरल्या नाहीत. त्याच प्रवासात ड्यूई दांपत्याने इटलीतील सबिनो नावाच्या मुलाला दत्तक घेतले. तो साधारण गॉर्डनच्याच वयाचा होता.

कोलंबिया विद्यापीठात

ड्यूई यांचे जुने मित्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांच्या प्रयत्नाने ड्यूई यांना तेथे प्राध्यापकाची जागा मिळाली. १९०५ पासून १९३० पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. पुन्हा स्वतःची शाळा त्यांनी काढली नाही. मात्र शिकागोत जे पाहिले व नोंदवले, ते पुढे त्यांच्या ग्रंथांतून उतरत राहिले.

१९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हाऊ वुई थिंक’ या पुस्तकात त्यांनी विचाराची पाच पावले दाखवली. प्रथम माणसाला काही अडचण जाणवते. मग ती अडचण नेमकी कोणती हे तो ठरवतो. त्यानंतर तिच्यावरचा उपाय त्याला सुचतो. त्या उपायाचे परिणाम काय होतील याचा तो विचार करतो. अखेर प्रयोग करून तो उपाय स्वीकारतो किंवा टाकून देतो. शास्त्रज्ञ, शेतकरी आणि अंडी उकडणारे मूल हे सारे खरा विचार करतात तेव्हा याच वाटेने जातात. शिक्षकही याला अपवाद नाही. १९१६ मध्ये ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. लोकशाही म्हणजे केवळ राज्य चालवण्याची पद्धत नव्हे. ती एकत्र जगण्याची आणि परस्परांचे अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा त्याचा गाभा होय. अशी लोकशाही शाळेच्या वर्गात दिसली नाही, तर ती देशात तरी कोठून येणार?

प्रत्यक्ष वर्गात ड्यूई कसे शिकवत असत? त्यांच्या विद्यार्थ्यांनी याविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. ते प्रभावी वक्ते नव्हते. चुरगळलेले काही कागद घेऊन ते मेजापाशी बसत. संथ आवाजात, थांबत थांबत, कधी खिडकीबाहेर पाहत ते बोलत. नव्या विद्यार्थ्याला प्रथम कंटाळा येई. पण घरी जाऊन वह्या वाचल्यावर त्याला कळे की, आपल्यासमोर एक माणूस खरोखरीच विचार करीत होता आणि तो कसा करावा हे आपल्याला दिसत होते. विद्यार्थ्याने अडखळत काही प्रश्न विचारला, तर त्यातील चांगला धागा ते हळुवारपणे बाहेर काढत. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. लहान मुलांच्या शाळेसाठी त्यांनी जेवढे बदल सुचवले, तेवढे आपल्या विद्यापीठातील व्याख्यानांत त्यांनी केले नाहीत.

प्राध्यापकांना निर्भयपणे शिकवता यावे म्हणून १९१५ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापकांची संघटना स्थापन झाली. ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष होते. १९१९ ते १९२१ या काळात त्यांनी जपान व चीन या देशांत व्याख्याने दिली. १९२४ मध्ये तुर्कस्तानच्या शासनाने शाळांच्या सुधारणेसाठी त्यांचा सल्ला घेतला. १९२७ मध्ये ॲलिस यांचे निधन झाले आणि चार दशकांची सोबत संपली.

भारतीय विद्यार्थी

१९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण भारतीय विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात आला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. भारतातील शाळेत अस्पृश्यतेचे चटके त्याने सोसले होते. न्यूयॉर्कमध्ये तो इतर विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून शिकू लागला. त्याने अर्थशास्त्राबरोबरच ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांनाही हजेरी लावली. जो समाज आपल्या काही माणसांना वेगळे ठेवतो, तो त्यांच्या अनुभवाला मुकतो आणि म्हणून स्वतःही खुरटतो, हा ड्यूई यांचा विचार त्या विद्यार्थ्याला किती जवळचा वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा आपला निबंध प्रसिद्ध करताना बाबासाहेबांनी ड्यूई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला. १९५२ च्या जून महिन्यात कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. ती स्वीकारण्यासाठी न्यूयॉर्कला निघताना आपल्या वृद्ध गुरूंची भेट होईल, अशी आशा त्यांच्या मनात होती. पण ती भेट झाली नाही. १ जून १९५२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, जॉन ड्यूई यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. बाबासाहेब त्या वेळी वाटेवर होते. आपल्या बौद्धिक जीवनासाठी आपण ड्यूई यांचे ऋणी आहोत, असे त्यांनी पत्नी सविता यांना पत्रातून कळवले.

ड्यूई यांचा वारसा

ड्यूई यांच्या विचारांचा काही वेळा विपर्यासही झाला. मुलांना मोकळे सोडले म्हणजे ती आपोआप शिकतात, असा अर्थ काहींनी काढला. १९३८ मध्ये ‘एक्स्पीरिअन्स अँड एज्युकेशन’ या पुस्तकात त्यांनी अशा लोकांना स्पष्ट शब्दांत सावध केले. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. काही अनुभव शिकण्याची इच्छा मारूनही टाकतात. म्हणून शिक्षकाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या अनुयायांच्या चुका दाखवतानाही त्यांनी तोच प्रामाणिकपणा दाखवला, जो शिकागोत स्वतःच्या चुकांबाबत दाखवला होता.

१९२९ च्या ‘द सोर्सेस ऑफ अ सायन्स ऑफ एज्युकेशन’ या पुस्तकात त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. शिक्षणाचे शास्त्र दुसऱ्या कोणी तयार करून शिक्षकाच्या हाती द्यायचे नसते. मुलांच्या सर्वांत जवळ असतो तो शिक्षक. त्याने केलेली निरीक्षणे ही एक मोठी खाण आहे आणि ती अजून खणली गेलेली नाही, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. ही खाण खणण्याचे काम पुढील पिढ्यांनी हाती घेतले. १९९० मध्ये अमेरिकेतील कार्नेगी प्रतिष्ठानचे अध्यक्ष अर्नेस्ट बॉयर यांनी एका अहवालात आग्रहाने मांडले की, प्राध्यापकांनी आपल्या अध्यापनाचा अभ्यास करणे हीदेखील विद्वत्ताच आहे आणि तिला संशोधनाएवढाच मान मिळायला हवा. त्यानंतर अनेक देशांतील विद्यापीठांत प्राध्यापक आपल्याच वर्गातील शिकण्याचा अभ्यास करू लागले. ड्यूई यांनी सुरू केलेली शिकागोची शाळा आजही त्या विद्यापीठाचा भाग आहे.

एका हिवाळ्यात ज्यांच्या वर्गात मुले दंगा करीत होती, त्या शिक्षकाने आयुष्यभर एकच प्रश्न सोडला नाही. मी शिकवतो तेव्हा समोरचा खरोखर शिकतो काय? आपल्या वर्गाकडे असे पाहणाऱ्या शिक्षकाला उत्तर नेहमी मनासारखे मिळत नाही. ड्यूई यांनाही ते मिळाले नाही. पण जे उत्तर मिळाले ते त्यांनी लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यानुसार वर्ग बदलला. शिकणाऱ्यालाही हा प्रश्न स्वतःला विचारता येतो. आज जे वाचले, त्यातले मला काय समजले, काय समजले नाही आणि उद्या मी काय वेगळे करून पाहू, हे वहीत नोंदवायला कोणत्याही वयात प्रारंभ करता येतो.

स्वाध्याय

१. शाळेचे सामान घेताना आलेल्या प्रसंगातून त्या काळच्या शिक्षणपद्धतीचा कोणता दोष दिसून येतो?
२. कापूस आणि लोकर यांच्या प्रयोगातून मुलांना कोणत्या गोष्टी कळल्या?
३. ड्यूई यांनी आपली कोणती दोन मते अनुभवानंतर बदलली? त्यांवरून त्यांच्या स्वभावाविषयी काय समजते?
४. ड्यूई यांना शिकागो का सोडावे लागले, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. तुम्ही एखादे काम, उदाहरणार्थ स्वयंपाक, शेती, शिवण किंवा दुरुस्ती, करता करता कसे शिकलात? त्यात विचाराची पाच पावले कोठे दिसतात, ते दहा ओळींत लिहा.